समेट कुणाचा, कुणाशी?

ख्रिस्ती माणसानं राजकारणात पडावं की पडू नये, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. विचारणारे बहुतेक सभ्य असतात आणि त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं : देवळात उपासना करावी, शाळा-दवाखाने चालवावेत, गरिबांना ब्लँकेटं वाटावीत, राजकारण ज्याचं त्याला करू द्यावं. हा प्रश्नच लबाड आहे. पडायचं की नाही पडायचं, अशी मोकळीक इथं कुणालाच नसते. जो गप्प बसतो त्याचं मत चालू व्यवस्थेच्या पेटीत आपोआप पडतं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो, की बाबा, तू कुणाच्या बाजूला उभा आहेस?

हा प्रश्न नाव घेऊन, तोंडावर आणि स्वतःच्याच धर्मबांधवांना विचारणारं एक पातळ चोपडं २५ सप्टेंबर १९८५ ला दक्षिण आफ्रिकेत निघालं. ‘कैरॉस डॉक्युमेंट’ त्याचं नाव. कैरॉस हा ग्रीक शब्द. घड्याळातल्या काट्यांची वेळ वेगळी आणि ‘आता वेळ आलीय’ म्हणताना आपण म्हणतो ती वेळ वेगळी. ही दुसरी वेळ म्हणजे कैरॉस. ही घटका चुकली की माणूस कायमचा चुकला.

आपण आंबेडकरी पोरांनी हे चोपडं कशासाठी वाचायचं? आपला येशूशी काय संबंध? संबंध आहे. धर्म माणसाला कसा गप्प करतो, आणि त्याच धर्मातला माणूस उलटून कसा उभा राहू शकतो, या दोन्ही गोष्टी या तीसेक पानांत आहेत. आपल्याकडे धर्मचिकित्सा म्हटली की आपण हिंदू धर्माची करतो. ती केलीच पाहिजे. पण ज्यांनी आपल्यासारखीच वेस ओलांडली आणि दुसऱ्या देवळात गेले, त्यांचं काय झालं हेही आपण बघितलं पाहिजे. ते आपलेच भाऊबंद आहेत.

आधी तिथली जमीन समजून घेऊ. दक्षिण आफ्रिकेत मारणारा ख्रिस्ती आणि मार खाणाराही ख्रिस्ती. गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चनं १८५७ साली ठराव केला, की काही गोऱ्यांच्या मनाचा दुबळेपणा लक्षात घेऊन काळ्या-सावळ्या विश्वासणाऱ्यांची उपासना वेगळी घ्यायला हरकत नाही. दुबळेपणा गोऱ्यांचा आणि बाहेर बसायचं काळ्यांनी. १८८१ साली त्यांच्यासाठी वेगळं मिशन चर्चच काढलं. १९४८ साली नॅशनल पार्टीचं सरकार आलं आणि वर्णभेद हे राज्याचं अधिकृत धोरण झालं. त्या सरकारचा पंतप्रधान डॅनियल मलान हा स्वतः त्याच चर्चचा माजी पाळक. म्हणजे आधी प्रभुभोजनाची भाकर वेगळी, मग देऊळ वेगळं, मग सगळा देशच वेगळा. पाणवठ्यापासून मसणवटीपर्यंतचा हा नकाशा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. काही पाळकांची झोप तेव्हा उडाली. बेयर्स नॉडे हा गोरा, आफ्रिकानर, डच चर्चचा धर्मगुरू. सगळं सोडून त्यानं १९६३ साली ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली. सरकारनं १९७७ साली ती संस्था बंद केली आणि नॉडेवर सात वर्षं बंदी घातली. १९८२ साली ओटावाच्या बैठकीत रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेनं वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन म्हणजे पाखंड असं ठरवलं आणि त्या गोऱ्या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. अॅलन बोसाक हा सावळा पाळक त्या संघटनेचा अध्यक्ष झाला. पण तोवर वस्त्या पेटल्या होत्या. जुलै १९८५ मध्ये बोथा सरकारनं आणीबाणी लावली. वस्त्यांत लष्कर घुसलं. पोरं मरत होती. आणि बहुतेक चर्चची पत्रकं मात्र ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ असं सांगत होती.

या धुरात सोवेटोतले पाळक आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक एकत्र बसले. जोहान्सबर्गची इन्स्टिट्यूट फॉर कॉन्टेक्स्च्युअल थिऑलॉजी आणि तिचा सरचिटणीस फ्रँक चिकाने यांनी हे काम हलवलं. मसुदा झाला, लोकांनी तो फाडला, पुन्हा झाला. शेवटी दीडशेच्या वर माणसांनी सह्या केल्या. यात एका लेखकाचं नाव नाही. आम्ही लिहिलंय ते शेवटचं नाही, वाचा आणि दुरुस्त करा, असं चोपडं स्वतःच सांगतं. १९८६ साली दुसरी आवृत्ती निघाली ती त्या चर्चेतूनच. साहित्यात ‘निर्मिती एकट्याची असते’ म्हणून माळा जपणाऱ्यांनी हे एकदा बघावं. चळवळीचं लिखाण असंही होतं. ते ठिगळांचं असतं, पण गोधडीसारखं ऊब देतं.

आता मजकूर. चोपड्याची रचना आरोपपत्रासारखी आहे. त्याचे आरोपी दोन. पहिला आरोपी ‘राज्याचं धर्मशास्त्र’. सरकार बायबल हातात घेतं आणि पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडून दाखवतं : सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा. कायदा आणि सुव्यवस्था हाच धर्म. जो उठेल तो कम्युनिस्ट, म्हणजे नास्तिक, म्हणजे सैतान. देशाच्या घटनेच्या सुरुवातीलाच देवाचं नाव घालून ठेवलेलं. चोपडं इथं जराही अडखळत नाही. ते म्हणतं, हा देव अश्रुधुराचा आणि चाबकाचा देव आहे, तुरुंगाचा आणि फाशीचा देव आहे, ही मूर्तिपूजा आहे. पौलानं कुठल्या माणसांना, कुठल्या वेळी लिहिलं ते बघा, असं सांगून ते तेरावाच अध्याय दुसऱ्या पुस्तकातला काढतं, प्रकटीकरणातला. तिथं राज्यसत्ता देवाची सेवक नाही, पशू आहे. एकाच ग्रंथातले दोन तेरावे अध्याय समोरासमोर उभे केले आणि सरकारी भटाची पोथी बंद केली. वाचन असं करायचं असतं. ग्रंथ नुसता पाठ करायचा नसतो, तो उलटा धरून कुणाच्या बाजूनं वाचला जातोय हे बघायचं असतं. मनुस्मृती आणि गीता बाबासाहेबांनी आपल्याला अशाच वाचायला शिकवल्या.

दुसरा आरोपी जास्त महत्त्वाचा. तो ‘चर्चचं धर्मशास्त्र’. हा माणूस वाईट नाही. तो वर्णभेदाचा निषेधही करतो. पण त्याच्याकडे तीन गुळगुळीत शब्द आहेत : समेट, न्याय आणि अहिंसा. चोपडं हे तिन्ही शब्द एकेक करून तपासतं. कैरॉसची खरी ताकद इथं आहे.

समेट. मराठी बायबलातलाच हा शब्द आणि गावकीतलाही. दोन माणसांत गैरसमज झाला तर समेट होतो. पण एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेवर असेल तर त्यांच्यात गैरसमज नाही, पाय आहे. पाय काढल्याशिवाय समेट म्हणजे मानेनं पायाला माफ करणं. कैरॉसवाले ख्रिस्ती भाषेत सांगतात : पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही आणि न्यायाशिवाय समेट नाही. अन्यायाशी समेट करणं हेच पाप.

दोस्त हो, हे वाचताना कुणाला आपलं गाव आठवणार नाही? वस्तीवर हल्ला होतो. अॅट्रॉसिटीची केस होते. तिसऱ्या दिवशी गावातली चार पांढऱ्या टोप्यांची माणसं येतात. ‘आपल्याला एकाच गावात राहायचंय, मिटवून घ्या.’ फोडलेल्या डोक्याला आणि फोडणाऱ्या काठीला एकाच सतरंजीवर बसवतात. चहा होतो. केस मागे घेतली जाते. गावात शांतता नांदते. ती शांतता कुणाची? गिरणीतसुद्धा ‘आपण सगळे एका घरातले’ हे वाक्य नेमकं बोनसच्या महिन्यातच ऐकू येतं. समेटाची भाषा नेहमी वरचा बोलतो आणि समेटाची किंमत नेहमी खालचा देतो.

न्याय. चर्चला न्याय हवा आहे, पण तो वरून हवा. सरकारला विनंती, उद्योगपतींना आवाहन, गोऱ्यांच्या सदसद्विवेकाला हाक. चोपडं विचारतं, की ज्यांच्यावर अन्याय होतो ते या चित्रात कुठे आहेत? ते नुसते वाट बघणारे का? सुधारणा म्हणून वरच्यानं दिलेलं वरच्याच्याच सोयीचं असतं. बदल खालून येतो. हरिजन सेवक संघाला बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न याच जातीचा होता.

अहिंसा. दगड मारणारं पोरगं हिंसक आणि वस्तीत रणगाडा घालणारा ‘परिस्थिती नियंत्रणात आणणारा’. दोन्हींना एकच शब्द लावून चर्च म्हणतं, आम्ही सगळ्याच हिंसेच्या विरुद्ध. कैरॉस म्हणतं, बलात्कार करणाऱ्याचं बळ आणि प्रतिकार करणाऱ्या बाईचं बळ यांना एकच नाव देता येत नाही. सरकारी हिंसेला हिंसा न म्हणणं हे तटस्थपण नाही, तो पक्ष घेणं आहे.

तिसरं आहे ‘संदेष्ट्यांचं धर्मशास्त्र’. ते प्रार्थनेनं सुरू होत नाही, समाजाच्या विश्लेषणानं सुरू होतं. संघर्ष कुणामध्ये आहे? जुलूम करणाऱ्यात आणि जुलूम सोसणाऱ्यात. बायबलातल्या देवानं मिसरातल्या वेठबिगारांची हाक ऐकली, फारोची नाही. म्हणजे देव पक्षपाती आहे. जनतेचा शत्रू झालेलं राज्य सुधारत नसतं, ते बदलावंच लागतं. शत्रूवर प्रीती करा या आज्ञेचं काय? चोपड्याचं उत्तर मला फार आवडलं : जुलूम संपवणं हीच जुलमी माणसावरची मोठी प्रीती. मग कृतीचा भाग येतो. चर्चनं लढ्यात उतरावं. चर्चचे नेहमीचे विधी, बाप्तिस्मा असो की अंत्यविधी, लढ्याच्या कामी लागावेत. गरज पडेल तिथं कायदेभंग करावा. पण चर्चनं ‘तिसरी शक्ती’ होऊन दोघांच्या मध्ये पंच म्हणून बसू नये.

इथपर्यंत मी हात वर करून होकार देतो. आता उणं सांगतो, कारण नुसती आरती करायला हे लिखाण हातात घेतलेलं नाही.

पहिलं उणं. या चोपड्यात बाई जवळपास नाही. वस्तीत मेलेल्या पोराला कवटाळणारी आई, गोऱ्याच्या घरात भांडी घासणारी मोलकरीण, मंडळीत सगळं झाडलोट करून वेदीपाशी मात्र उभं न राहू दिलेली बाई. हिच्यावरचा जुलूम दुहेरी आहे, आणि दुसरा पदर चर्चच्याच आतला आहे. जुलमाची व्याख्या एवढी नेमकी करणाऱ्यांना घरातला जुलूम दिसू नये ही मोठी फट आहे.

दुसरं उणं. सत्ता हातात आल्यावर काय, याला चोपड्यात पुरेसं उत्तर नाही. १९९४ साली मतदान झालं, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. १९९६ पासून सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या झाल्या. बघा, ‘समेट’ हा शब्द पुन्हा आला, या वेळी आयोगाच्या नावातच. १९९७ च्या नोव्हेंबरात चर्चेसही त्या आयोगापुढे आपली बाजू सांगायला उभ्या राहिल्या. सत्य पुष्कळ बाहेर आलं, पण खाणी आणि जमीन फारशी हलली नाही. चिकाने स्वतः पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे महासंचालक झाले. १६ ऑगस्ट २०१२ ला मरिकानाच्या प्लॅटिनम खाणीवर पगारवाढ मागणाऱ्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ३४ कामगार मेले. या वेळी सरकार काळ्यांचं होतं, निवडून आलेलं होतं. संदेष्टा राजवाड्यात गेला की बाहेर कोण ओरडणार? आमदारकीच्या खुर्चीसाठी रांगेत उभ्या असलेल्या आपल्या गटातटांनी हा प्रश्न नीट ऐकावा. कैरॉस म्हणजे लढ्याच्या एका घटकेचं लिखाण. पण ती घटका एकदाच येत नाही, ती पुनःपुन्हा येते.

एवढं उणं मांडूनही मी म्हणतो, हे चोपडं आपल्या देशात लागू पडतं. आणि लागू पडायला अंतर फक्त पाच दिवसांचं आहे.

२५ सप्टेंबर १९८५ ला तिकडं कैरॉस निघालं. ३० सप्टेंबर १९८५ ला इकडं सुप्रीम कोर्टानं सूसाई खटल्याचा निकाल दिला. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा हा माणूस. मूळचा आदिद्रविड, धर्मानं ख्रिस्ती. सरकारनं त्या भागातल्या चांभारकाम करणाऱ्यांना फुकट टपऱ्या दिल्या. याला नाही दिली. कारण १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश म्हणतो, की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. शीखांना त्यात १९५६ साली घेतलं, बौद्धांना १९९० साली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. कोर्ट म्हणालं, धर्मांतरानंतर जात राहते एवढं दाखवून भागत नाही. जुन्या समाजात होणारा जाच नव्या धर्मातही तितकाच तीव्र आहे हे सिद्ध करा. तसं साधार साहित्य कोर्टापुढे नव्हतं. याचिका फेटाळली.

ते साहित्य कुणी गोळा करायला पाहिजे होतं? शाळा, कॉलेजं, छापखाने, ग्रंथालयं ज्यांच्याकडे होती त्या चर्चनं. पण चर्च तर व्यासपीठावरून सांगत होतं, की ख्रिस्तात जात नाही. ख्रिस्तात नसेल. ख्रिस्ती माणसात आहे. तमिळनाडूत वडक्कनकुळमच्या देवळात वेल्लाळ आणि नाडार एका वेदीसमोर मधे भिंत घालून बसत. ती भिंत १९१० साली पाडली तेव्हा मोठा तंटा झाला. तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत मेलेल्यांच्या मधेसुद्धा भिंत घातली गेली, एका बाजूला सवर्ण ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला दलित ख्रिस्ती. पुनरुत्थानाच्या दिवशी ही माणसं भिंतीवरून उड्या मारून एकत्र येणार काय? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे आपल्या धोरणपत्रात कबूल केलं, पण केव्हा? डिसेंबर २०१६ मध्ये. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. म्हणजे दलित ख्रिस्ती माणूस तीन दारांमध्ये सापडला. चर्च म्हणतं तुला जात नाही. सरकार म्हणतं जात नाही तर सवलत नाही. आणि गाव म्हणतं, तू आलास का पुन्हा, तिकडं लांब उभा राहा.

बाबासाहेबांनी हे सगळं आधीच बघून ठेवलं होतं. महाराष्ट्र शासनानं १९८९ साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लिखाणाच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवरचे लेख आहेत. मिशनऱ्यांनी सेवा केली हे ते मोकळेपणी मान्य करतात. पण शाळा-कॉलेजांचा फायदा वरच्या जातींनी लाटला आणि बाटलेला अस्पृश्य होता तिथंच राहिला, असं त्यांचं म्हणणं आहे. त्याहून खोल मुद्दा पुढे आहे. हिंदू असताना या माणसाला सांगितलं, की तुझी दशा तुझ्या पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, की आदिपुरुषाच्या पापामुळे. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरात. समाजव्यवस्थेकडे बोट दाखवायला कुणीच शिकवलं नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलतानाही बाबासाहेबांनी हेच ऐकवलं : तुमच्यात शिकलेली पोरं-पोरी आहेत, मग अन्यायाविरुद्ध तुमची चळवळ का नाही? कैरॉसवाल्यांनी ज्याला चर्चचं धर्मशास्त्र म्हटलं, ते बाबासाहेबांनी त्यांच्या कितीतरी वर्षं आधी इथं पकडलं होतं.

पण मराठी मुलखात दुसराही धागा आहे, तो तोडून चालणार नाही. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली छापला तो मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’नं. नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, गावोगाव महार-मांग ख्रिस्ती झाले, कारण तिथं निदान पाटी-पेन्सिल मिळत होती. १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात अरविंद निर्मळ यांनी पहिल्यांदा खडसावलं, की भारतातलं ख्रिस्ती धर्मशास्त्र हे ब्राह्मणी चिंतन आहे. पुढं दलित धर्मशास्त्र उभं राहिलं ते तिथून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांचं मोठं काम वसईचं. जमीन आणि पाणी वाचवायला त्यांनी हरित वसईची चळवळ केली, गुंडगिरीच्या विरोधात उभे राहिले. ते आंदोलन ख्रिस्ती लोकांपुरतं नव्हतं. सगळ्या वसईचं होतं.

आणि फादर स्टॅन स्वामी. झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आणि खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी झिजलेला हा जेझुइट म्हातारा. आपण कधी भीमा कोरेगावला गेलोच नाही असं ते सांगत राहिले. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. हात थरथरत असल्यानं पाणी प्यायला नळी असलेला पेला मागायची वेळ आली. जामिनाची वाट बघत ५ जुलै २०२१ ला ते मुंबईत कैदेतच वारले. ८४ वर्षांचे होते. ख्रिस्ती माणसानं राजकारण कसं करावं, याचं उत्तर कुणाला एका माणसात बघायचं असेल तर ते इथं आहे. स्वतःच्या संस्थेची जमीन, अनुदान आणि परवाने वाचवण्यासाठी त्यांनी काही केलं नाही. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या बाजूला ते उभे राहिले आणि किंमत मोजली.

तेव्हा ख्रिस्ती दोस्तांना माझं सांगणं स्पष्ट आहे. देवळावर दगड आला की मोर्चा काढता, तो काढाच, आम्हीही येऊ. पण खैरलांजीला, खर्ड्याला तुमची घंटा का वाजली नाही, हे एकदा मंडळीत बसून विचारा. दरवर्षी १० ऑगस्टला १९५० च्या आदेशाविरुद्ध तुम्ही काळा दिवस पाळता. त्याच दिवशी दफनभूमीतल्या भिंतीविरुद्धही पाळा. दिल्लीच्या दारावरची आणि देवळाच्या आतली, दोन्ही लढाया एकच आहेत. आतली भिंत ठेवून बाहेरचा न्याय मागाल तर उद्या कुणीही विचारील, की जात तुमच्यात नाही म्हणता, मग मागता कशाला?

आणि आता आपण. आपल्यातले काही जण म्हणतात, ते गेले, त्यांना कशाला सवलती? आपला वाटा कमी होईल. वाट्याची भीती खोटी नाही. भाकर लहान आहे आणि खाणारी तोंडं पुष्कळ. पण भाकर लहान कुणी ठेवली? लोकसंख्येच्या प्रमाणात टक्का वाढवा ही मागणी दोघांनी मिळून करायची, की एकमेकांच्या ताटाकडे बघत बसायचं? आठवा, १९५६ ला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राची दारं आपल्याला १९९० पर्यंत बंद होती. चौतीस वर्षं. तेव्हा आपलं म्हणणं काय होतं? धर्म बदलला म्हणून गावातली वागणूक बदलत नाही. मग तेच म्हणणं दुसऱ्यानं मांडलं की ते खोटं कसं होतं? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानंही धर्माची ही अट काढा असं सांगितलं. धर्म बघून जातीचं दुःख मोजणारा कायदा उद्या आपल्यावरही उलटू शकतो.

शेवटचं बोलतो, जरा टोचेल. ‘विहारात राजकारण नको, नुसती वंदना घ्या’ असं म्हणणारे आपल्यातही निपजलेत. पंचशील म्हणायचं, खीर वाटायची, पांढरे कपडे घालून फोटो काढायचे आणि शेजारच्या वस्तीवर बुलडोझर आला की ‘आपण कशाला वादात पडा’. करुणा आणि मैत्री हे शब्दसुद्धा समेटासारखेच गुळगुळीत करता येतात. ही आपल्या घरातली चर्चगिरी आहे. कैरॉस वाचताना तिसरा आरोपी मला आपल्या आरशात दिसला.

चोपडं इंग्रजीत आहे, पण इंग्रजी सोपं आहे. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी वाचलं, तुम्हीही वाचाल. अभ्यासवर्गात एकट्यानं वाचून दुसऱ्यांना सांगू नका, ओळीनं सगळ्यांनी मोठ्यानं वाचा. आणि वस्तीतल्या ख्रिस्ती पोरांना बोलवा. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न घ्या : समेट कुणाचा, कुणाशी, आणि मानेवरचा पाय निघालाय का?

जय भीम.